बॅलेत पाऊल ताणताना तळव्यात गोळा येतो

प्रश्न: ताई, मी ४३ वर्षांची आहे, पुण्यात एका बँकेत नोकरी करते. लहानपणी सहा वर्षं भरतनाट्यम शिकले, पुढे नोकरी, लग्न, मुलगी यांत ते सुटलं. गेल्या जूनपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्यांच्या बॅलेच्या वर्गाला जाते. इतकं छान वाटतं की काय सांगू! पण तीन महिन्यांपासून उजव्या पायाच्या तळव्यात गोळा येतोय. दांडा धरून तांद्यू (पाय जमिनीवर घासत लांब नेऊन पाऊल टोकदार करणं) सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत अंगठा आपोआप आत वळतो, मग बूट काढून खालीच बसावं लागतं. वर्ग झाला की त्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला पोटरीत वांब येतात, मी ओरडत उठते आणि नवरा पाय चोळत बसतो. बाई म्हणतात पाणी पीत जा. बहीण म्हणते केळी खा. मॅग्नेशियमच्या गोळ्या महिनाभर घेतल्या, काही फरक नाही. वर्गातल्या बाकीच्या मुली पंचविशीच्या आहेत, त्यांना असलं काही होत नाही. सासूबाई म्हणतात, या वयात कशाला हे? मार्चमध्ये आमचा छोटा कार्यक्रम आहे. नाव देऊ की नको? की वय झालं म्हणून सोडूनच द्यावं?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. सोडू नका. कार्यक्रमाला नाव द्या, या आठवड्यातच द्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मला एक थकलेला आणि कधीच तालीम न मिळालेला छोटासा स्नायू दिसला, आणि त्याला तालीम देता येते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिवाय एकोणचाळिसाव्या वर्षी स्वतःच बॅले शिकायला लागले, त्यामुळे तो गोळा माझ्याही पायाने सोसलेला आहे.

सगळ्यांत कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: गोळा उजव्याच तळव्यात येतो आणि तांद्यूलाच येतो. मीठ, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी पडलं असतं तर ते सगळ्या अंगात कमी पडलं असतं. उजव्या तळव्याला काही वेगळं रक्त जात नाही. मिठाच्या कमतरतेने पेटके येतात, हे खरंच आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, उष्ण कोळसा खाणींतल्या कामगारांना असे पेटके यायचे. घामावाटे मीठ जायचं, ते वरून नुसतं पाणी पीत राहायचे, आणि पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडायचा. पण ती माणसं तासन्‌तास घामाने निथळत असत आणि त्यांचे पेटके हात, पाय, पोट असे कुठेही उठत. तुम्ही पंधरा मिनिटं दांडा धरून उभ्या असता.

लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये पेटके आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा क्षारांच्या प्रमाणात पेटक्यांचा उलगडा होईल असा फरक सापडला नाही. दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली वेगळं कारण मांडलं, आणि बॅलेच्या वर्गात जे दिसतं त्याच्याशी ते अगदी जुळतं. प्रत्येक स्नायूला मज्जारज्जूकडून दोन प्रकारचे निरोप मिळत असतात, एक ‘आवळ’ आणि दुसरा ‘आता सोड’. स्नायू थकला की आवळण्याचा निरोप वाढतो. सोडण्याचा निरोप निघतो तो स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेतून, आणि कंडरेवर ताण पडला तरच निघतो. थकलेल्या स्नायूत तो आधीच क्षीण झालेला असतो. त्यात स्नायू पूर्ण आखडलेल्या अवस्थेत असेल तर कंडरा सैलच पडलेली असते, तिच्यावर ताणच नसतो. मग आवळणाऱ्याला थांबवायला कोणी उरत नाही, आणि गोळा येतो.

आता बॅलेकडे बघा. पाऊल टोकदार करायचं म्हणजे पोटरी आणि तळवा जितके आखूड होतील तितके करायचे, आणि तिथे नेऊन वर आणखी जोर लावायचा. म्हणजे गोळा यायला जे जे लागतं ते ते सगळं आपण दांड्यापाशी उभं राहून आपल्या हातांनी जमवतो! पाय पुढे उचलून हवेत गुडघा सरळ करतो, त्या देव्हेलोपेत मांडीच्या पुढच्या स्नायूचं हेच होतं. पाय मागे नेऊन गुडघा वाकवला की मांडीच्या मागच्या स्नायूचं तेच. मला पहिलं वर्षभर गोळा यायचा तो तिथे, मांडीच्या मागे, आणि नेमका शेवटच्या वीस मिनिटांत.

भरतनाट्यमचा उल्लेख तुम्ही केलात ते बरं झालं. अरैमंडीतलं बसणं, मांड्या बाहेर वळवणं हे तुमचं शरीर विसरलेलं नसणार. पायांच्या ठेवणीत तुम्ही त्या पंचविशीच्या मुलींच्या पुढेही असाल. पण तिथे तळवा जमिनीला सपाट भिडतो, आपटतो. कुदित्त मेट्टूत चवड्यावर उडी असते खरी, पण लगेच टाच खाली येते. पाऊल बाणासारखं ताणून तसंच धरून ठेवायचं काम तुमच्या तळव्याला ४२ वर्षांत कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि आता दीड तासाच्या वर्गात ते शेकडो वेळा करावं लागतं. त्या मुलींचं म्हणाल तर एकदा विचारून बघा. गोळा त्यांनाही येत असेल, दात-ओठ खाऊन उभ्या राहत असतील. मला असं सांगणाऱ्या कितीतरी जणी भेटल्यात.

आज रात्री एक करा. पलंगावर पाय लांब करून अनवाणी बसा आणि उजवं पाऊल वर्गात करता तसं टोकदार करा. आता बोटांकडे नीट बघा. मधली पेरं वर उचलली गेलीत, नखं तळव्याकडे वळलीत, पेरांवरची कातडी पांढुरकी पडलीय असं दिसलं, तर तुम्ही पायाची मूठ वळताय. अंगठा आत वळतो असं लिहिलंय, त्यावरून असंच असणार असं मला वाटतं. चवडा मागे राहतो, घोटा पुरता ताणला जात नाही, आणि त्याची कसर बोटं भरून काढायला बघतात. अंगठा वाकवणारा तळव्यातला स्नायू बोटभर लांबीचा आहे. त्याच्यावर एवढं ओझं टाकलं तर तो किती वेळ टिकेल?

नीट करायचं ते दोन टप्प्यांत. आधी फक्त घोटा लांब करा, बोटं मात्र वर, स्वतःकडे वळलेलीच राहू द्यात. पायाचा चवडा समोरच्या भिंतीला लावायचाय असं समजा. तिथे दोन सेकंद थांबा. मग बोटं पुढे सोडा. वळवायची नाहीत, लांबवायची, पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचवायचीत अशी. परत येताना उलट्या क्रमाने या, आधी बोटं वर आणि मग घोटा. आठ वेळा पुरे, पण रोज. पहिले काही दिवस पाऊल कमी टोकदार दिसेल, तरीही तसंच चालू ठेवा. वर्गात तांद्यू करतानाही हाच क्रम असतो: टाच उचलते, चवडा जमिनीवर घासत जातो, मग बोटं. बूट घातलेला असला की शिक्षकांना बोटं दिसत नाहीत, म्हणून बाईंना आपणहून सांगा, ‘माझी बोटं मुडपतात, तेवढं बघा.’

बूट म्हटलं की माझी एक चूक सांगते. माझे पहिले बूट मी दुकानदाराच्या सांगण्यावरून एक माप लहान घेतले. बॅलेचे बूट हातमोज्यासारखे बसायला हवेत, असं तो म्हणाला. घट्ट बसावेत हे खरं, पण उभं राहिल्यावर बोटं सपाट पसरायला हवीत. माझी आतल्या आत दुमडलेली असायची. तुमचे बघा. चवड्यावर उभं राहिल्यावर नाडी टाचेच्या मागच्या जाड शिरेत रुतत असेल तर तीही सैल करा.

आणि उजवाच पाय का? तुम्ही वर्गाला कशा जाता ते लिहिलेलं नाही. पण ऑफिस सुटल्यावर पुण्याच्या गर्दीतून तासभर गाडी चालवत जात असाल तर उजवं पाऊल अॅक्सिलरेटर आणि ब्रेकवर सारखं वर-खाली होऊन वर्गापूर्वीच दमलेलं असतं. दुसरा संशय चपलांचा. अंगठ्याची सैल चप्पल पायातून सुटू नये म्हणून आपली बोटं प्रत्येक पावलाला तिला धरून ठेवतात. आपल्याला कळतही नाही, पण दिवसभर तळव्याचा तोच स्नायू राबत असतो. महिनाभर मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून बघा. साधी गोष्ट आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या दोघी-तिघींचा निम्मा त्रास तेवढ्यानेच गेला.

गोळा आलाच तर पाणी शोधत बसू नका, ताण द्या. कंडरेवर ताण पडला की तो ‘आता सोड’चा निरोप पुन्हा सुरू होतो. तळव्यात आला तर अंगठा आणि बोटं हाताने धरून नडगीच्या दिशेने वर ओढा आणि वीस-तीस सेकंद तशीच धरून ठेवा, झटके न देता. वर्गात खाली बसायचं नसेल तर तो पाय एक पाऊल मागे घ्या, गुडघा वाकवा, टाच वर आणि बोटं जमिनीवर सपाट ठेवून वजन चवड्यावर येऊ द्या. बाजूच्यांना वाटेल तुम्ही सराव करताय. पोटरीत आला तर गुडघा सरळ ठेवून टाच जमिनीत रोवा आणि भिंतीवर हात टेकून पुढे झुका. गोळा सुटला की दोन-तीन सावकाश प्लिए करा, म्हणजे टाचा न उचलता गुडघे वाकवा. प्लिए हा पोटरीच्या आतल्या स्नायूचा उत्तम ताण आहे. चोळायचं ते त्यानंतर.

लोणच्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. २०१० साली अमेरिकेत काही तरुणांच्या पायात विजेचे हलके झटके देऊन मुद्दाम पेटका आणला, तोही अंगठा वाकवणाऱ्या याच स्नायूत. काकडीच्या खारवलेल्या लोणच्याचं आंबट पाणी प्यायलेल्यांचा पेटका साध्या पाण्यापेक्षा सुमारे पाऊण मिनिट लवकर सुटला. इतक्या वेळात त्यातलं मीठ रक्तात पोचतही नाही. म्हणजे परिणाम झाला तो घशातून गेलेल्या तिखट-आंबट झटक्याचा, मज्जातंतूंवर. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं हे ते नव्हे, त्यांचं व्हिनेगर आणि मिठाचं पाणी असतं. वर्गाच्या पिशवीत व्हिनेगरच्या मिरच्यांची छोटी बाटली ठेवून घोटभर पाणी घेऊन बघायला हरकत नाही, रक्तदाब किंवा आम्लपित्ताचा त्रास नसेल तर. पण ही झाली वेळ मारून नेण्याची युक्ती.

खरा इलाज म्हणजे ताकद, आणि तिला दीड-दोन महिने लागतात. भिंतीला बोटं टेकवून उजव्या पायावर एकट्याने उभ्या राहा, गुडघा सरळ. दोन अंक मोजत टाच वर, तीन अंक मोजत खाली. उंची कमी व्हायला लागली किंवा गुडघा वाकला की थांबायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. मग डावा पाय. एका पायावर २५ वेळा पूर्ण उंचीने टाच उचलता येणं हे पोटरीच्या दमाचं आम्ही वापरतो ते माप आहे. बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट घालायला देण्याआधीही अनेक शिक्षक हेच बघतात. तुमचा आकडा पहिल्या दिवशी नऊ-दहा आला तर दचकू नका, माझा अकरा होता. आठवड्यातून तीन दिवस, वर्ग नसलेल्या दिवशी, आधी दोन्ही पायांवर आणि जमायला लागलं की एका पायावर. निम्म्या वेळा गुडघा किंचित वाकवून करा, म्हणजे पोटरीचा आतला स्नायूही कामाला लागतो.

तळव्यासाठी दुसरा व्यायाम. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सपाट. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढा, म्हणजे तळव्याची कमान घुमटासारखी वर येईल. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. बँकेत टेबलाखाली सहज होतो. सुरुवातीला यातसुद्धा गोळा येईल. आला तर ताण द्या, सोडवा आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

रात्रीचे वांब हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक आहे. पालथं झोपलं की किंवा जड पांघरूण पावलांवर दाबून बसलं की पाऊल झोपेतही टोकदार राहतं, आणि वर्गात दमलेली पोटरी तशीच आखूड पडून राहते. पांघरूण पायाकडून मोकळं सोडा. पालथं झोपायची सवय असेल तर पावलं गादीच्या कडेबाहेर येऊ द्यात. झोपण्यापूर्वी भिंतीला टेकून पोटरीला आणि खाली बसून मांडीच्या मागच्या बाजूला तीन-चार मिनिटं ताण द्या. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांनी सहा आठवडे रोज रात्री एवढंच केलं, तर त्यांचे रात्रीचे पेटके स्पष्टपणे कमी झाले. तेल लावून पाय चोळून घ्यायला आवडत असेल तर जरूर घ्या, पण आधी ताण.

मॅग्नेशियमच्या गोळ्या संपल्या की नव्या आणू नका. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात, २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली, वयस्कर लोकांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा सांगण्यासारखा उपयोग होईल असं काही दिसलं नाही. तुमचा अनुभवही तेच सांगतोय. कोणी क्विनीन सुचवलं तर अजिबात घेऊ नका, त्याने रक्तातल्या पेशींवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर घातक परिणाम होऊ शकतात. केळी खा, पण केळं म्हणून. पाण्याचं म्हणाल तर वर्गापूर्वी आणि नंतर एकदा वजन करा. अर्धा-पाऊण किलो कमी भरलं तर तेवढंच, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी पडलंय. एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या वर्गात घामाने कपडे भिजले तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत घ्या. डिसेंबरच्या संध्याकाळी त्याची गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते नीट वाचा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली आणि न थांबणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी. ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे चोळायचं नाही. पाठीमागून पोटरीवर दगड बसावा तशी कळ येऊन पाय टेकवेनासा झाला, तर स्नायू फाटलेला असू शकतो, तिथे ताण द्यायचा नाही. लघवी गडद तपकिरी झाली, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, किंवा पेटके दिवसाही आणि हातांतसुद्धा यायला लागले, तर थांबू नका. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद न करता डॉक्टरांना पेटक्यांबद्दल सांगा. चाळिशीनंतर थायरॉइड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घेतलेलं बरं. तुमच्या पत्रावरून यातलं काही असेल असं मला वाटत नाही, पण मी तुमचा पाय पाहिलेला नाही.

आता मार्च. अजून पुरेसे आठवडे हातात आहेत. बाईंना येत्या वर्गाआधीच सांगून ठेवा, की सलग रेलेव्हे (टाचा उचलून चवड्यावर येणं) असतील तिथे मी पहिले आठ करीन, पुढचे चार पाय टेकवून हात करीन. हात आणि मान नाचत राहिले की बघणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं, भरतनाट्यमवाल्या बाईला हे मी काय सांगणार! कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टाचा उचलायचा व्यायाम नको. कार्यक्रमाच्या दिवशी गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या. रंगमंचावर जाईपर्यंत पायात मोजे आणि वरून उबदार काहीतरी घालून ठेवा, खुर्चीत बसून न राहता हळूहळू चालत राहा. आणि नाचात चवड्यावरून खाली याल तेव्हा प्रत्येक वेळी टाच पूर्ण टेकू द्या. घाईत आपण ती अर्ध्यावरच सोडतो, आणि पोटरीला नाचता नाचता मिळणारी विश्रांती तेवढीच असते.

आज रात्री आकडा लिहून ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मोजा आणि मला कळवा, उजव्या पायावर किती झाले ते.